बडोद्यातली एक कथा छापून येईपर्यंत: एक प्रकरण अभ्यास

ही केस बडोद्यातल्या एका लेखिकेची आहे. नाव लिहीत नाही, तशी अटच होती तिची, आणि तिचा ज्या ज्या मासिकांशी प्रत्यक्ष संबंध आला तीही सगळी बिननावाची ठेवतोय कारण कुणाला नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. वय पस्तिशीच्या आसपास, मकरपुऱ्याच्या एका कंपनीत अकाउंट्सला, घरी नवरा, मुलगा आणि सासरे. शाळा पूर्ण गुजराती माध्यमात, घरात मराठी. म्हणजे मराठी ती बोलत मोठी झाली पण मराठीत निबंध असा कधी लिहिलाच नाही, वाचायला शिकली ती आजीच्या पोथ्यांवरून आणि नंतर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतून, जिथे मराठी पुस्तकांचे कपाटंच्या कपाटं भरलेले आहेत आणि वरच्या मजल्याची जमीन काचेची आहे ती लायब्ररी.

मी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईची पानं लावायचं काम करतो, रावपुऱ्यात छोटंसं ऑफिस आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, गणेश मंडळांचे अहवाल असं मराठी काम आजही येतं बऱ्यापैकी. रविवारी दुपारी दांडिया बाजारात आमच्या बाईंकडे काही जण जमतो, बाई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या, निम्म्या गल्लीला त्यांनी मराठी शिकवलंय. कुणी काही लिहिलं असेल तर वाचून दाखवायचं, चहा प्यायचा, आपापल्या घरी. तिथे ती यायची म्हणून हे सगळं जवळून बघायला मिळालं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तिची कथा इतके दिवस छापून आली नाही त्याचं कारण तिला लिहिता येत नव्हतं हे नाही, आणि पुण्यामुंबईचे लोक आपल्याला घेत नाहीत हेही पूर्ण कारण नाही. लिहिणारा आणि छापील पान यांच्या मधे एक वाचणारा माणूस लागतो, जो कथा पूर्ण वाचून सांगतो की इथे जमलंय, इथे नाही जमलं, आणि हे या मासिकाकडे पाठव, त्या मासिकाकडे नको. तो माणूस तिच्या बाबतीत कुठे नव्हताच. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

सुरुवात

पहिली कथा तिनं २०२३ च्या सप्टेंबरात पाठवली, एका चांगल्या नावाच्या दिवाळी अंकाला. हिशोब असा की त्या वर्षी अधिक श्रावण होता, लक्ष्मीपूजन पार १२ नोव्हेंबरला, म्हणजे हातात दोन महिने आहेत. आता ज्यानं अंकाचं काम जवळून बघितलंय त्याला सांगायला नको. दिवाळी अंकाची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, मोठ्या अंकांची बरीचशी पानं निमंत्रित लेखकांकडून भरतात, बाकीचं साहित्य जून-जुलैपर्यंत गोळा करतात, मग जाहिराती, मांडणी, चित्रं, आणि सप्टेंबरात फाइल प्रेसला जायच्या तयारीत असते. त्या वेळेला तुमची कथा पोचली तर ती वाईट आहे की चांगली हा प्रश्नच येत नाही, ती उघडायलाच कुणी मोकळं नसतं.

पुढच्या वर्षी तिनं लवकर पाठवायचं ठरवलं पण अंदाज लावला तो आदल्या वर्षीच्या दिवाळीवरून, आणि २०२४ ची दिवाळी आली अकरा दिवस आधी, १ नोव्हेंबरला. ही गोष्ट किती साधी आहे बघा, पण ज्याला कुणी सांगणारं नाही त्याला ती कळणार कुठून? पुण्यात असती तर एखाद्या पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमात, बाहेर चहा घेताना कुणीतरी सहज बोललं असतं की अगं यंदा सगळ्यांनी जूनअखेरच सांगितलंय.

जाता जाता एक. मराठीतला पहिला दिवाळी अंक काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाचा, १९०९ चा. आणि त्याच १९०९ मधे साहित्य संमेलन भरलं होतं बडोद्यात, कीर्तिकर अध्यक्ष होते. त्यानंतर १९२१, १९३४ आणि मग एकदम २०१८. चार संमेलनं झालेलं गाव आहे हे, स्वतः सयाजीराव महाराज १९३२ च्या कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि त्याच गावात आज एका लिहिणाऱ्या बाईला अंकाचं साहित्य कधी मागवतात हे सांगणारा माणूस मिळू नये याचं मला खरंच वाईट वाटतं. अजूनही वाटतं.

दुसरा प्रकार पत्त्यांचा. मासिकांचे पत्ते तिनं कुठून घेतले तर लायब्ररीतल्या जुन्या अंकांवरून, श्रेयनामावलीचा फोटो मोबाइलवर काढून. एक कथा तिनं व्यवस्थित पाकिटात घालून, परतीसाठी स्वतःचा पत्ता आणि तिकीट लावलेलं दुसरं पाकीट आत ठेवून पाठवली अशा मासिकाला जे बंद पडून काही वर्षं झाली होती. पाकीट परत आलं नाही. ती वाट बघत राहिली आणि त्या वाट बघण्यात ती कथा दुसरीकडे पाठवली नाही, कारण एकाच वेळी दोन ठिकाणी साहित्य पाठवू नये हे तिनं कुठेतरी वाचलेलं आणि ती ते प्रामाणिकपणे पाळत होती. नियम बरोबर आहे, पण नियम पाळणाऱ्याला समोरून उत्तर मिळायला पाहिजे ना.

तिसरा प्रकार माझ्या धंद्यातला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, बऱ्याच जणांना उपयोग होईल. तिच्या सुरुवातीच्या कथा हातानं लिहिलेल्या, त्या तिनं एका टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतल्या, त्यानं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधे टाइप करून वर्डची फाइल दिली. तिच्या मोबाइलवर ती नीट दिसेना म्हणून त्यानं पीडीएफ पण दिली, ती मस्त दिसत होती. तिनं मेलला वर्डची फाइल जोडली. आता हे जुने फॉन्ट असे असतात की पडद्यावर 'क' दिसत असला तरी आत साठवलेलं असतं कुठलंतरी रोमन अक्षर किंवा चिन्ह, तो फॉन्ट समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नसेल तर त्याला मराठी दिसतच नाही, नुसती अक्षरं-चिन्हांची रांग दिसते. संपादकानं अशी फाइल उघडली की तो काय करणार, बंद करणार. एका ठिकाणाहून तेवढं तरी उत्तर आलं, फाइल उघडत नाही म्हणून, आणि इतक्या दिवसांत संपादकाकडून आलेलं ते तिचं पहिलं उत्तर होतं. ती त्यावरही खूश झाली होती, कुणीतरी वाचायचा प्रयत्न तरी केला म्हणून. मला ते ऐकवेना.

मग बाईंकडे विषय निघाला तेव्हा मी तिला सांगितलं की युनिकोडमधे, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत टाइप कर, मोबाइलवर केलंस तरी चालेल, वर्डची फाइल आणि सोबत पीडीएफ दोन्ही पाठव, पीडीएफ वाचायला आणि वर्ड कामाला. नुसती पीडीएफ पाठवली तर अंक लावणाऱ्याला ती पुन्हा टाइप करावी लागते आणि तेवढं मनुष्यबळ छोट्या मासिकांकडे नसतं.

उत्तरच न येणं

हा सगळ्यात मोठा भाग आहे या केसचा. नकार आला तर माणूस रडतो, चिडतो, दोन दिवसांनी पुन्हा लिहायला बसतो. तिला नकार आलाच नाही. मेल गेला, पोच नाही, वाचला की नाही माहीत नाही. फोन करावा तर आपण त्रास देतोय असं वाटतं, नाही करावा तर सहा महिने जातात. पूर्वी निदान 'साभार परत' यायचं, पाकीट हातात पडायचं, कथा मोकळी झाली हे कळायचं.

आणि पूर्वीचं म्हणताना 'सत्यकथे'चं नाव घ्यावंच लागतं. १९३३ ते १९८२ चाललेलं मासिक, त्याचे संपादक राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहायचे, कथेत कुठे काय होतंय ते सांगायचे, पुन्हा लिहायला लावायचे, मराठी कथेच्या एका आख्ख्या पिढीवर त्या पत्रांचा संस्कार आहे. त्याच सत्यकथेवर नाराज असलेलेही होतेच, १९६९ मधे लिटल मॅगझिनवाल्यांनी, म्हणजे आपापली छोटी नियतकालिकं काढणाऱ्या बंडखोर तरुण लेखकांनी, तिचा अंक जाळला, आपल्यासारख्यांना तिथे जागा नाही हा राग होता. दोन्ही खरं आहे. पण राग तरी कुणावर काढायचा हे माहीत होतं, समोर माणूस होता. आज लिहिणाऱ्याला समोर कोण आहे हेच दिसत नाही.

यात संपादकांची बाजू मला कळते. आजची बरीचशी वाङ्मयीन मासिकं, त्रैमासिकं एकदोन माणसं आपली नोकरी सांभाळून चालवतात, वर्गणीदार मोजके, जाहिरात जवळजवळ नाही, कागदाचा आणि टपालाचा खर्च खिशातून. मेलमधे कथा-कवितांचा ढीग. प्रत्येकाला उत्तर देणं शक्य नाही हे मान्य. पण 'तीन महिन्यांत कळवलं नाही तर साहित्य नाकारलं असं समजावं' ही एक ओळ अंकात छापायला काय लागतं? काही नियतकालिकं छापतात, आणि त्या एका ओळीनं लिहिणाऱ्याचे महिनेच्या महिने वाचतात. जी छापत नाहीत त्यांनी छापावी, हे मी हात जोडून सांगतोय.

शांततेचा परिणाम काय झाला ते सांगतो. तिनं कंटाळून एक कथा, तिच्या मते सगळ्यात चांगली, फेसबुकवर टाकली. खूप लाइक आले, ओळखीच्यांनी छान छान लिहिलं, बडोद्याच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरली. आणि मग महिन्याभरात एका त्रैमासिकाचा मेल आला की कथा आवडली आहे, पूर्वी कुठे प्रसिद्ध झालेली नाही असं कळवा. तिनं खरं ते कळवलं. त्यांनी अतिशय नम्रपणे सांगितलं की मग आम्हाला घेता येणार नाही. बहुतेक मासिकं सोशल मीडियावर टाकलेलं पूर्वप्रसिद्ध धरतात, त्यांचंही बरोबर आहे, पण त्या दिवशी ती बाईंकडे आली तेव्हा कुणाला काय बोलावं सुचत नव्हतं.

याच सुमारास तिला एक मेसेज आला, प्रातिनिधिक कथासंग्रह निघतोय, आपली कथा निवडली आहे, सहभाग शुल्क दीड हजार, पुस्तकाच्या दोन प्रती, सन्मानचिन्ह आणि प्रमाणपत्र. कुणाचा मेसेज ते लिहीत नाही, असे मेसेज लिहिणाऱ्या बहुतेकांना येतच असतात. इतके दिवस कुणी विचारलं नव्हतं आणि आता कुणीतरी 'निवड' हा शब्द वापरतंय म्हटल्यावर तिनं पैसे भरले, फॉर्मवर सही केली. पुस्तक आलं. पुठ्ठा जाड, आत एका पानावर वेलांट्या उडालेल्या, कथेवर संपादनाचा हात कुठे फिरलेला नाही, आणि ज्यांच्या कथा त्यांच्याच घरी त्या प्रती. दुकानात, लायब्ररीत कुठे नाही.

पैशाचं एवढं नाही, पण फॉर्ममधे सर्व हक्क प्रकाशकाकडे असं लिहिलेलं होतं आणि ते तिनं वाचलं नव्हतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, म्हणजे सही करेपर्यंत कथा पूर्ण आपलीच असते, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते. तिच्या फॉर्ममधे मुदत नव्हती. म्हणजे ती कथा आता पाच वर्षं अडकली असंच धरून चालायचं. मी सगळ्यांना सांगतो, कथा छापायला लेखकानं पैसे द्यायचे नाहीत, मानधन नसेल तर नसू दे, पण पैसे द्यायचे नाहीत, आणि फॉर्म घरी आणून दोन माणसांना वाचायला दिल्याशिवाय सही करायची नाही.

पुराची कथा

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला तो सगळ्यांना आठवत असेल, समा, फतेगंज, अकोटा, कितीतरी भागांत पाणी शिरलं, मगरी सोसायट्यांत आल्या, सगळ्या देशाच्या बातम्यांत त्या मगरीच दाखवत होते. तिचं घर त्या पाण्यात होतं. खालचा मजला गेला, ती, मुलगा आणि सासरे वरच्या मजल्यावर, नवरा कामासाठी बाहेरगावी अडकलेला. लाइट नाही, मोबाइल बंद. सासरे बॅटरी घेऊन दर थोड्या वेळानं जिन्यात जायचे आणि किती पायऱ्या बुडाल्या ते वर येऊन सांगायचे.

यावर तिनं कथा लिहिली, त्या हिवाळ्यात. बाईंकडे वाचली तेव्हा पहिली अडीच पानं अशी होती: ऐतिहासिक वडोदरा नगरीची जीवनदायिनी विश्वामित्री, सयाजीराव महाराजांची दूरदृष्टी, आजवा सरोवर, मग नगरनियोजनावर एक परिच्छेद. आम्ही ऐकत होतो, चांगलं वाटत होतं, माहिती पण बरोबर होती सगळी. बाई काही बोलल्या नाहीत. मग तिसऱ्या पानावर सासरे जिन्यातून वर येतात आणि सांगतात की चौथी पायरी गेली, तिथे बाईंनी तिला थांबवलं आणि म्हणाल्या, "हे वाक्य पहिलं घे. आधीचं काढून टाक."

ती म्हणाली, "बाई, मग बाहेरच्या वाचकाला कसं कळणार कुठली नदी, कुठलं गाव?"

"त्याला पाणी कळतं ना. गाव मागाहून कळेल."

दोन रविवार यावर वाद झाला, आणि मजा म्हणजे तीच अडीच पानं तिनं सगळ्यात मेहनतीनं लिहिली होती, लायब्ररीत बसून. माझ्या मते ती पानं तिनं बडोद्यासाठी लिहिलीच नव्हती, तिच्या डोक्यात एक पुण्याचा संपादक बसलेला होता आणि त्याला आपण कोण, कुठले, आपल्या गावाला इतिहास आहे हे आधी पटवून द्यायचं होतं. महाराष्ट्राबाहेर लिहिणाऱ्या बऱ्याच जणांच्या लिखाणात मला हे दिसतं. कथा सुरू व्हायच्या आधी ओळखपत्र दाखवल्यासारखं काहीतरी येतं.

बोलण्याचंही तेच. कथेतले सासरे अगदी पुस्तकी मराठी बोलत होते, शेजारचे गुजराती काका गच्चीवरून शुद्ध मराठीत विचारपूस करत होते. बाईंनी विचारलं, तुझे सासरे असं बोलतात का? तिनं हसून मान हलवली. मग पुढच्या खर्ड्यात शेजारचे काका गुजरातीतच ओरडले, सासऱ्यांनी अर्धं गुजराती अर्धं मराठी उत्तर दिलं, कुठेही खाली अर्थ दिला नाही, आणि ते वाचताना सगळा जिना डोळ्यासमोर उभा राहिला. आमच्यातले एक जण म्हणाले की संपादक हे खपवून घेणार नाही. बाई म्हणाल्या की नाही खपवून घेतलं तर तो आपला संपादक नाही, दुसरा शोधू. मला ते फार आवडलं.

कथा निम्मी झाली. खरंच निम्मी, मी शब्द मोजून दिले होते कारण शब्दमर्यादा बघायची होती.

पाठवताना काय वेगळं केलं

यावेळी आम्ही सगळ्यांनी मिळून मासिकं वाचली आधी, म्हणजे पत्ते बघायला नाही, तर ते काय छापतात ते बघायला. हे काम कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही. 'कवितारती' धुळ्याहून निघत आलंय, १९८५ पासून, पण ते कवितेचं, तिथे कथा पाठवून काय उपयोग. 'पंचधारा' हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेचं, म्हणजे महाराष्ट्राबाहेरूनही चांगलं नियतकालिक निघू शकतं हे तिला तिथे कळलं. काही ठिकाणी लेखच जास्त, काही ठिकाणी कथा असतात पण ग्रामीण वळणाच्या. शेवटी एक त्रैमासिक निवडलं, फार मोठं नाही, पण त्याच्या लागोपाठच्या अंकांत नवीन नावं दिसत होती, आणि कथांवर हात फिरलेला जाणवत होता. पत्ता ताज्या अंकातून घेतला, आधी फोन करून खात्री केली. फोन करायला ती घाबरत होती, म्हणाली काका तुम्हीच करा ना, पण बाईंनी तिलाच करायला लावला. पलीकडून माणूस दोन मिनिटं नीट बोलला, युनिकोडमधे पाठवा म्हणाला. एवढंच.

मेलमधे तीन ओळी, कथा अप्रकाशित आहे, शब्दसंख्या इतकी, तीन महिन्यांनी एकदा चौकशी केली तर चालेल ना. लांबलचक परिचय नाही, प्रमाणपत्रांची यादी नाही.

उत्तर आलं, आणि नुसता होकार नव्हता, दोन परिच्छेदांचं पत्रच होतं म्हणा. संपादकांना जिना आणि सासरे आवडले होते, गुजराती बोलण्याबद्दल एक अक्षरही तक्रार नव्हती. त्यांचा आक्षेप शेवटाला होता. तिनं शेवटी अंगणात मगर आणली होती, पाणी ओसरतंय आणि मगर पायरीशी. संपादकांचं म्हणणं होतं की पूर आणि म्हातारा माणूस एवढं पुरेसं असताना मगर बातमीतून आल्यासारखी वाटते, ती काढून कसं वाटतं ते बघा.

ती रागावली. म्हणाली, पण मगर खरंच आली होती, आमच्या गल्लीत सगळ्यांनी बघितली! आमच्यात दोन तट पडले. मला वाटत होतं मगर ठेवावी, बडोद्याची कथा आहे आणि विश्वामित्रीत मगरी आहेतच, शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत एवढ्या मगरी असलेलं दुसरं गाव दाखवा. बाईंचं मत संपादकांच्या बाजूनं. शेवटी तिनं तिचाच मार्ग काढला, मगर दाखवलीच नाही, शेजारचे काका गच्चीवरून सांगतात की मागच्या गल्लीत मगर आहे, खाली उतरू नका, आणि सासरे म्हणतात की मला पायऱ्या मोजायच्यात. संपला प्रसंग. संपादकांना तसं पाठवलं आणि सोबत लिहिलं की पूर्ण काढावी असं मला वाटत नाही. त्यांनी मान्य केलं.

हा पत्रव्यवहार म्हणजे या सगळ्या केसमधली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे असं मला वाटतं, छापून येण्यापेक्षाही. आपलं वाक्य कुणीतरी इतक्या बारकाईनं वाचलं, त्यावर आपल्याला विचारलं, आणि आपण नाही म्हटल्यावर ते ऐकलं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. त्यानंतर ती बाईंकडे दुसऱ्यांच्या कथांवर बोलायला लागली, त्याआधी नुसती ऐकायची.

मग प्रूफ आलं पीडीएफवर, दोन दिवसांत परत पाठवा म्हणून. प्रेसकडे जुनं सॉफ्टवेअर असणार, युनिकोडमधून जुन्या फॉन्टमधे बदललेलं होतं, आणि असं बदलताना जोडाक्षरांची वाट लागते, विशेषतः 'ऱ्या'ची. आणि हिच्या कथेत पानोपानी पायऱ्या! सगळीकडे 'पायर्या' झालेलं, रफार चढलेला. ती, मी आणि माझ्याकडे काम करणारा पोरगा रात्री ऑफिसात बसून एकेक पायरी दुरुस्त करत गेलो, यादी केली, पान आणि ओळ लिहून पाठवली. अंकात एक राहिलीच, पण एकच.

अंक आला २०२५ च्या दिवाळीनंतर. मानधन नाही, लेखक-प्रती दोन. एक तिनं ठेवली, एक बाईंना दिली, सासऱ्यांसाठी आम्ही वर्गणी भरून तिसरी मागवली. सासऱ्यांनी कथा वाचून पहिलं काय सांगितलं तर पाणी सहा पायऱ्यांपर्यंत आलं होतं, तू चारच लिहिल्यास.

वाचकांचे फोन किती आले म्हणाल तर थोडेच. फेसबुकवर टाकलेल्या कथेला जेवढी माणसं भेटली त्याच्या पासंगालाही नाही. तिला मी विचारलं होतं, मग कशाला एवढा खटाटोप, तर ती म्हणाली की काका, फेसबुकवर सगळे मला वाचतात, इथे कथा वाचली. लातूरहून एका अनोळखी माणसाचं पत्र आलं होतं, तिकडच्या एका भूकंपाच्या रात्रीबद्दल, तिच्या कथेबद्दल त्यात दोनच ओळी होत्या आणि बाकी सगळं त्याचं स्वतःचं. ते तिनं जपून ठेवलंय.

डावललं जातं का?

हा प्रश्न बडोद्यात कुठेही चार मराठी माणसं जमली की निघतोच, म्हणून या केसपुरतं बोलतो. निमंत्रितांनी पानं भरतात हे खरं, आणि निमंत्रण ओळखीतून जातं हेही खरं, त्यामुळे जो ओळखीच्या बाहेर तो रांगेत मागे राहतो. पण तिच्या केसमधे कुणीही बडोदा बघून कथा बाजूला ठेवली असं मला दिसलं नाही, उलट जिथे कथा खरंच वाचली गेली तिथे बडोद्याचं बोलणं, बडोद्याचा जिना हेच आवडलं. नुकसान झालं ते न वाचलं जाण्यानं, उशिरा पाठवल्यानं, बंद पडलेल्या पत्त्यानं, फॉन्टनं. यातलं एकही काम अवघड नाही. आपल्या गावात मराठी वाङ्मय परिषद आहे, विद्यापीठात मराठी विभाग आहे, लायब्ररी आहे. कुठल्या मासिकाचा आजचा पत्ता काय, साहित्य कधी मागवतात, कशात टाइप करून पाठवायचं, एवढी माहिती एका जागी भिंतीवर लावली तरी पुढच्या लिहिणाऱ्याची दोन वर्षं वाचतील. आम्ही आमच्यापुरती ती यादी केलीय, बाईंच्या बैठकीच्या खोलीत दाराच्या मागे चिकटवलीय, दर तिमाहीला फोन करून तपासतो. ज्याला पाहिजे त्यानं येऊन उतरवून घ्यावी.

सध्या तिची दुसरी कथा एका मासिकाकडे आहे, कंपनीतल्या ऑडिटच्या आठवड्यावर लिहिलेली, यात नदी नाही. तीन महिने झाले की ती स्वतः फोन करणार आहे. दिवाळी अंकासाठी वेगळी एक लिहायला घेतलीय. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, पण तरी मेअखेर पाठवायची असं तिनं ठरवलंय, कारण दिवाळी उशिरा आली म्हणून संपादक उशिरा वाचायला घेतील असं काही नसतं. खर्डा या रविवारी वाचणार आहे.